पात्सक्वारो : सरोवराकाठच्या गावात कमी खर्चात काय पाहावे

डॅलसमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने असे विचारले आहे, की मेक्सिकोतील पात्सक्वारो या सरोवराकाठच्या गावी त्यांचा तीन दिवस मुक्काम आहे, सोबत सत्तरीच्या आई आणि आठवीतला मुलगा आहे, सगळे शाकाहारी आहेत, आणि विमान व हॉटेलचा खर्च भागवल्यावर हाताशी फारसे पैसे उरत नाहीत. एका सहल-संयोजकाने दिवसभराच्या फेरफटक्याचा जो दर सांगितला तो त्यांना जड वाटतो. तेव्हा अशी सहल न घेता फुकटात किंवा अगदी थोड्या पैशांत काय पाहता येईल, आणि तसे पाहिल्याने महत्त्वाचे काही सुटेल का, हा त्यांचा प्रश्न आहे. मिचोआकान राज्यात प्रवाशांना हिंडवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. महत्त्वाचे काहीही सुटणार नाही. उलट पात्सक्वारोत जे सर्वांत मोलाचे आहे ते जवळजवळ सगळे विनातिकीट आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. १५३१ मध्ये न्यायाधीश म्हणून स्पेनहून आलेले आणि पुढे मिचोआकानचे पहिले बिशप झालेले वास्को दे किरोगा यांनी थॉमस मोर यांच्या 'युटोपिया' या ग्रंथातल्या आदर्श समाजाचा ध्यास घेऊन या सरोवराच्या परिसरात वस्त्या वसवल्या. एकेका गावाला एकेक हस्तकला त्यांनीच लावून दिली, असे परंपरा मानते. आजही इथले लोक त्यांना 'ताता वास्को' म्हणतात. ताता म्हणजे वडील. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, याच राज्याचे आधी गव्हर्नर आणि १९३४ ते १९४० या काळात देशाचे राष्ट्राध्यक्ष असलेले लासारो कार्देनास यांनी या गावाकडे लक्ष दिले. सार्वजनिक वाचनालय, नाट्यगृह, टेकडीवरचा सज्जा, बेटावरचा पुतळा या सगळ्या त्यांच्या काळातल्या किंवा त्यांच्या प्रेरणेने झालेल्या गोष्टी आहेत, आणि सामान्य माणसाने येऊन त्या पाहाव्यात हाच त्यामागचा हेतू होता. त्यामुळे इथे पैसे वाचवणारा प्रवासी काहीतरी कमी प्रतीचे पाहतो असे होत नाही. त्याला फक्त योग्य वार आणि योग्य वेळ माहीत असावी लागते.

सुरुवात मोठ्या चौकापासून करावी. त्याचे नाव प्लाझा वास्को दे किरोगा असले तरी सगळे जण त्याला 'प्लाझा ग्रान्दे'च म्हणतात. मेक्सिकोतील बहुतेक गावांत मुख्य चौकावर चर्च उभे असते. इथे ते नाही. बिशपांनी आपले मोठे चर्च मुद्दाम वरच्या अंगाला, चढावर बांधायला घेतले. त्यामुळे चौकाच्या चारही बाजूंना जुन्या श्रीमंतांचे वाडे आणि त्यांच्या कमानदार ओसऱ्या आहेत, मध्ये उंच जुनी झाडे आणि कारंज्यात उभा ताता वास्कोंचा पुतळा. गावभर घरांच्या भिंती वर पांढऱ्या आणि खाली गेरूसारख्या तांबड्या रंगाच्या आहेत, उतरती कौलारू छपरे पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून चांगली पुढे काढलेली आहेत, आणि दुकानांच्या पाट्यांवर पहिले अक्षर लाल व बाकीची काळी, असा शिरस्ता आहे. आईंना घेऊन सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा या चौकात तासभर नुसते बसावे, असे मी आवर्जून सांगेन. शनिवार-रविवारी इथेच 'दान्सा दे लोस बिएहितोस', म्हणजे म्हाताऱ्यांचा नाच, बघायला मिळतो. गुलाबी सुरकुतलेले मुखवटे, रंगीत फितींच्या टोप्या आणि हातात काठ्या अशा वेशातले नर्तक कंबरेत वाकून, खोकत-लंगडत येतात आणि अचानक लाकडी तळव्यांच्या चपलांनी दगडी फरशीवर असा ताल धरतात की आठवीतल्या मुलाने फोन खिशात ठेवावा. पाहायला तिकीट नसते, पण शेवटी टोपी फिरते आणि तीत पैसे टाकणे हा आपल्या खर्चाचाच भाग समजावा. नर्तकांमध्ये पुष्कळदा शाळकरी मुले असतात. ती नाचून झाल्यावर टोपी घेऊन समोर आली असता तिथून उठून जाणे बरे नव्हे.

मोठ्या चौकापासून काही पावलांवर छोटा चौक आहे, प्लाझा चिका. त्याला नाव हेर्त्रुदिस बोकानेग्रा या वीरांगनेचे आहे. स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोरांना मदत केली म्हणून १८१७ मध्ये याच गावात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. या चौकाच्या टोकाला त्यांच्याच नावाचे सार्वजनिक वाचनालय आहे. सोळाव्या शतकातील ऑगस्टिनियन मठाच्या चर्चमध्ये ते थाटले आहे. आत शिरल्यावर शांतपणे सरळ शेवटच्या भिंतीपर्यंत जावे, कारण त्या संपूर्ण भिंतीवर हुआन ओ'गॉर्मन यांनी १९४१-४२ मध्ये रंगवलेले मिचोआकानच्या इतिहासाचे भित्तिचित्र आहे. मला विचाराल तर पात्सक्वारोतील सर्वांत मौल्यवान वस्तू हीच, आणि तिच्यासाठी एक पेसोही द्यावा लागत नाही.

हे चित्र वरून खाली वाचायचे असते, आणि त्याला किमान पाऊण तास द्यावा. वर ज्वालामुखी, सरोवर आणि पुरेपेचा या इथल्या मूळ लोकांच्या उत्पत्तिकथा. त्याखाली त्यांचे राज्य आणि त्यांची युद्धे. पुरेपेचांचे हे राज्य आस्तेकांनी (अ‍ॅझ्टेकांनी) कधीही जिंकलेले नव्हते, हे मुलाला आधी सांगून ठेवावे, कारण शाळेच्या पुस्तकांत मेक्सिकोचा जुना इतिहास म्हणजे आस्तेकांचाच इतिहास असा समज होतो. मधल्या पट्ट्यात स्पॅनिश लोक येतात. नुन्यो दे गुस्मान या स्पॅनिश सेनानीने १५३० मध्ये शेवटच्या पुरेपेचा राजाचा, दुसऱ्या तांगाशोआनचा, छळ करून केलेला वध तिथे उघडपणे रंगवला आहे, आणि जवळच घोड्यावर स्वार झालेली एरेंदिरा ही लोककथांतली राजकन्या दिसते. आणखी खाली ताता वास्को, मग स्वातंत्र्ययुद्ध, मग शेतकऱ्यांची क्रांती. ओ'गॉर्मन मुळात वास्तुविशारद होते. त्यामुळे एवढ्या गर्दीतही प्रत्येक माणसाची जागा पक्की आहे आणि डोळा भरकटत नाही. आधी दूर उभे राहून पूर्ण भिंत पाहावी, मग जवळ जाऊन एकेक चेहरा पाहावा, आणि शेवटी पुन्हा मागे यावे. हे वाचनालय आहे, मुले तिथे अभ्यास करीत असतात, म्हणून आवाज खाली आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा. कामाच्या दिवशीच जावे. सुट्टीच्या दिवशी दार बंद मिळण्याची शक्यता असते.

दुसरी विनातिकीट जागा म्हणजे 'कासा दे लोस ओन्से पातिओस', म्हणजे अकरा चौकांचा वाडा. अठराव्या शतकात हा डोमिनिकन मठवासिनींचा मठ होता. पुढे मधून रस्ता गेल्याने आणि पडझडीने आज अकरांपैकी पाचच चौक उरले आहेत, आणि त्यांच्या भोवतीच्या खोल्यांतून कारागीर बसतात, तिथेच काम करतात आणि तिथेच विकतात. मठवासिनींचे कोरीव दगडी स्नानगृहही आतल्या एका चौकात अजून शाबूत आहे. लोक इथे बहुधा दुकाने बघत घाईने पुढे जातात. तसे न करता लाखेचे काम करणाऱ्या एखाद्या कारागिराच्या दारात 'बुएनोस दियास' म्हणून थांबावे आणि बसून पाहण्याची परवानगी मागावी.

हे काम असे चालते. लाकडी थाळीवर किंवा वाळवलेल्या भोपळ्यावर 'आहे' नावाच्या किड्यापासून काढलेली चरबी आणि चियाच्या बियांचे तेल यांचे मिश्रण लावतात. त्यावर रंगीत माती वस्त्रगाळ करून भुरभुरतात आणि तळहाताने घासत राहतात. ब्रश नाही, कापड नाही, नुसता तळहात. एक थर वाळला की पुन्हा तेच. थरांवर थर चढून पृष्ठभाग आरशासारखा झाला की पात्सक्वारोची खासियत सुरू होते : काळ्या भूमीवर केसाएवढ्या कुंचल्याने फुलापानांची नक्षी काढायची आणि तिच्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा. वर्खाचा तुकडा उडू नये म्हणून कारागीर त्या क्षणी श्वास रोखून धरतो, हे जवळून पाहिल्यावरच कळते. एका मोठ्या थाळीला अनेक महिने लागतात, म्हणून तिची किंमत तशी असते आणि तीत घासाघीस करू नये. आपल्या बजेटात बसेल असे छोटे लाखेचे कानातले किंवा डबी मिळते. बनवणाऱ्याच्या हातून घेतलेली ती एक वस्तू बाजारातल्या दहा स्मरणवस्तूंपेक्षा अधिक समाधान देते, असा माझा अनुभव आहे.

चढावरच्या बासिलिकेत, म्हणजे बिशपांच्या त्या मोठ्या चर्चमध्ये, आईंना नक्की न्यावे. चढ सौम्य आहे, पण रस्ते गोट्यांचे असल्याने चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत. गाव समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरांहून उंच आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी धाप लागली तर घाबरण्याचे कारण नाही, सावकाश चालावे. ताता वास्कोंनी इथे पाच दालनांचे प्रचंड चर्च योजले होते, पण एकच दालन उभे राहिले आणि १५८० मध्ये धर्मपीठ आजच्या मोरेलियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, हलवले गेले. आतली आरोग्यमातेची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती दगडाची किंवा लाकडाची नाही. मक्याच्या ताटांचा आतला भेंड आणि ऑर्किडच्या कंदाचा डिंक यांच्या लगद्यापासून ती घडवली आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी पुरेपेचा लोक आपल्या देवतांच्या हलक्या मूर्ती याच पद्धतीने करीत आणि त्या रणांगणावर घेऊन जात. बिशपांनी तीच कला चर्चसाठी वापरली. किरोगा यांचे अवशेषही याच चर्चमध्ये आहेत. दरवर्षी ८ डिसेंबरला मातेचा उत्सव असतो आणि त्या दिवसांत आसपासच्या गावांतून यात्रेकरू पायी येतात.

मुलासाठी या चर्चच्या आवारातली आणखी एक हकिगत सांगण्यासारखी आहे. सरोवरात 'अचोके' नावाचा एक सरडवजा जलचर राहतो, पिसांसारखे कल्ले बाहेर असलेला आणि आयुष्यभर पाण्यातच राहणारा. तो जगात केवळ याच सरोवरात सापडतो आणि आता तिथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. इथल्या डोमिनिकन मठवासिनी त्याच्यापासून खोकल्याचे औषध बनवीत असत. सरोवरातला साठा आटू लागला तसे त्यांनी मठातच त्याची पैदास सुरू केली, आणि आज त्या जातीच्या संवर्धनात या मठाचा वाटा शास्त्रज्ञही मानतात. बासिलिकेबाहेर पानाफुलांची औषधे, मेणबत्त्या आणि नवसाचे छोटे पत्र्याचे हात-पाय विकणाऱ्या बायका बसतात. ती रांगही सावकाश पाहण्यासारखी आहे.

आता वाराविषयी. शक्य असेल तर मुक्कामात शुक्रवार येईल असे करा. शुक्रवारी सकाळी सान फ्रान्सिस्को चर्चच्या छोट्या चौकात आसपासच्या गावांतले कुंभार मडकी मांडतात : सांता फे दे ला लागुना गावची काळी चकचकीत भांडी, कापुलाचे ठिपक्यांचे काम, त्सिन्त्सुन्त्सानची पांढरी भांडी. घेणार असाल तर 'सिन प्लोमो?', म्हणजे शिशाविना आहे का, एवढे जरूर विचारा. जुन्या पद्धतीच्या झिलईत शिसे असते, आणि अशा भांड्यात आंबट किंवा गरम पदार्थ ठेवू नयेत. भिंतीवर लावायला ती उत्तम. त्याच दिवशी बाजाराच्या वरच्या अंगाला पुरेपेचा बायकांचा अदलाबदलीचा बाजार भरतो, तोही बघावा. सरोवरकाठच्या बायका मासळी आणि मक्याच्या पोळ्या आणतात, डोंगराकडच्या बायका नासपती, रानभाज्या आणि चूल पेटवायच्या राळेच्या ढलप्या आणतात. जमिनीवर पसरलेल्या कापडावर छोटे छोटे ढीग असतात. एक बाई आपल्या टोपलीतून मूठभर माल पुढे करते, समोरची त्याकडे बघते, आपल्या ढिगातून काही काढून ठेवते. पुरेसे वाटले नाही तर पहिली हात मागे घेते, आणि दुसरी आणखी दोन नासपती वर ठेवते. दोघींमध्ये शब्द फारसे होत नाहीत. इथे पैसे न चालणे हाच व्यवहाराचा नियम असल्याने आपण बाजूला उभे राहून पाहावे, आणि परवानगीशिवाय छायाचित्र मुळीच काढू नये. या भागातल्या बायकांना ते आवडत नाही आणि त्या तसे स्पष्ट सांगतात.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने थोडे सावध राहिले तर पोट स्वस्तात आणि उत्तम भरते. बाजारात सगळीकडे दिसणारी 'कोरुन्दा', म्हणजे मक्याच्या पातीत त्रिकोणी गुंडाळून वाफवलेला गोळा, दिसायला निरुपद्रवी असली तरी बहुधा डुकराच्या चरबीत मळलेली असते. 'सिन मान्तेका', म्हणजे चरबीविना आहे का, असे विचारून खात्री होत नसेल तर ती टाळावी. कोवळ्या मक्याचे गोडसर 'उचेपो' बऱ्याचदा दूध-लोण्यात केलेले असतात, पण तेही विचारून घ्यावेत. प्रसिद्ध 'सोपा तारास्का' हे घेवड्याचे सार कोंबडीच्या रश्शात करतात की पाण्यात, हे हॉटेलागणिक बदलते. सर्वांत बिनधोक आणि माझ्या मते सर्वांत चवदार म्हणजे 'आतोले दे ग्रानो' : बडीशेपेच्या वासाच्या रानपाल्यात शिजवलेले हिरवट, दाणेदार मक्याचे आंबील, वरून हिरवी मिरची आणि लिंबू. ते संध्याकाळी छोट्या चौकात बायका मोठ्या भांड्यांतून विकतात. मोठ्या चौकाच्या ओसरीत 'निएवे दे पास्ता' ही आटवलेल्या दुधाची, बदाम घातलेली आइसक्रीम मिळते. या गावाची ती खूण आहे. उपवास असेल तर 'आलेग्रिया' घ्या, ती राजगिऱ्याची वडीच आहे. राजगिऱ्याची काही मुख्य धान्यवाणे मूळची मेक्सिकोचीच. फळे, एवोकाडो आणि ताज्या पोळ्या बाजारातून घेऊन दुपारचे जेवण चौकातल्या बाकावर उरकले तर कोणी वावगे मानत नाही. पाणी मात्र बाटलीबंदच प्यावे.

सरोवर पाहण्याची सर्वांत चांगली जागा सरोवरावर नाही, तर गावाच्या पश्चिमेकडच्या एस्त्रिबो टेकडीवर आहे. चौकापासून सुमारे चार किलोमीटरांचा गोट्यांचा रस्ता सायप्रसच्या झाडांमधून वर जातो आणि एका दगडी सज्जापाशी संपतो. तिथून समोर हानित्सिओ बेट, पलीकडे पाकांदा आणि युनुएन ही बेटे, उजवीकडे गावाची कौले असा पूर्ण देखावा मिळतो; आणखी सुमारे चारशे पायऱ्या चढल्या तर माथ्यावर पोहोचता येते. आईंसाठी वर जाताना टॅक्सी करावी, आधी भाडे ठरवून घ्यावे, आणि उतरताना चालत यावे. सकाळी आठच्या सुमारास गावातले लोक फिरायला जातात तेव्हाच जावे. भर दुपारी किंवा अंधार पडताना एकट्याने जाऊ नये.

हानित्सिओ बेटाविषयी माझे मत बहुतेक मार्गदर्शकांपेक्षा वेगळे आहे. धक्क्यावरून सामायिक नाव मिळते, जाण्या-येण्याचे भाडे ठरावीक असते आणि ते खिडकीवर भरायचे असते. नाव भरली की सुटते आणि परतताना कोणत्याही नावेत बसता येते, त्यामुळे खासगी नाव करण्याची अजिबात गरज नाही. बेटावर स्वातंत्र्ययोद्धे होसे मारिया मोरेलोस यांचा सुमारे ४० मीटर उंच दगडी पुतळा आहे. तो कार्देनास यांच्या पुढाकाराने गिलेर्मो रुइस यांनी १९३०च्या दशकात उभारला. आतून गोल जिन्याने वर जाताना भिंतींवर रामोन आल्वा दे ला कानाल यांनी मोरेलोस यांचे चरित्र चित्रांतून सांगितले आहे आणि जिना थेट उगारलेल्या मुठीपर्यंत जातो. त्यासाठी किरकोळ प्रवेशशुल्क असते. हे सगळे खरे असले तरी धक्क्यापासून पुतळ्यापर्यंतचा पायऱ्यांचा रस्ता दुतर्फा दुकानांनी भरलेला आहे, चढ उभा आहे, आणि आईंना तो झेपेल असे मला वाटत नाही. फुलपाखराच्या पंखांसारखी जाळी पसरून नावेभोवती फिरणारे कोळी आता मासे धरत नाहीत, प्रवाशांसाठी ते दृश्य उभे करतात आणि त्याचे पैसे घेतात. पैसे आनंदाने द्यावेत, पण आपण काय पाहतो आहोत हे मुलाला खरे सांगावे. मुलाला मुठीपर्यंत चढायचेच असेल तर एकाने त्याला घेऊन जावे आणि आईंसोबत दुसऱ्याने गावात थांबावे.

मासेमारी का उरली नाही, हेही तिथेच समजते. हे सरोवर बंदिस्त खोऱ्यात आहे, त्यातून नदी बाहेर पडत नाही. डोंगरांवरची झाडे तुटली तशी माती वाहून आली, सांडपाणी आले, आणि पाणी वर्षानुवर्षे मागे हटत गेले. हाराक्वारो हे एकेकाळचे बेट आता पायी-मोटारीने जाण्याइतके काठाला जोडले गेले आहे. २०२४ च्या दुष्काळात एवोकाडो आणि बेरींच्या बागांसाठी टँकरने चोरून पाणी उपसले जात असल्याचे उघड झाले, तेव्हा सरकारला सरोवरावर पहारा बसवावा लागला, आणि काठच्या गावांतले लोक स्वतः फावडी घेऊन गाळ काढायला उतरले. पात्सक्वारोचा सुप्रसिद्ध पांढरा मासा आता दुर्मीळ आहे. जे प्रेमाने सरोवर पाहायला येतात त्यांना ही वस्तुस्थिती ठाऊक असलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

नावेचे पैसे आणि वेळ वाचवून अर्धा दिवस त्सिन्त्सुन्त्सानला द्यावा. बसस्थानकावरून किरोगा गावाकडे जाणाऱ्या बस आणि कोम्बी, म्हणजे सामायिक व्हॅन, दर थोड्या वेळाने सुटतात आणि थोड्या पेसोंत अर्ध्या तासात पोहोचवतात. ही पुरेपेचांची राजधानी. उंचावर सुमारे ४५० मीटर लांबीच्या चौथऱ्यावर पाच 'याकाता' ओळीने उभ्या आहेत. एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने चौकोनी अशी ही देवळांची दगडी जोती मेक्सिकोत इतरत्र सहसा दिसत नाहीत, आणि त्यांच्या मागे पूर्ण सरोवर पसरलेले असते. इथे तिकीट आहे, पण ते परवडणारे आहे. रविवारी प्रवेश मोफत असतो हे ऐकून रविवारची वाट पाहू नका. ती सवलत मेक्सिकोच्या नागरिकांना आणि तिथल्या रहिवाशांनाच असते. खाली फ्रान्सिस्कन मठाचे प्रशस्त आवार मात्र सर्वांना खुले आहे. तिथली वेड्यावाकड्या खोडांची ऑलिव्हची झाडे ताता वास्कोंच्या काळातली मानली जातात. आईंना याकातांपर्यंत चढायचे नसेल तर त्यांनी या झाडांच्या सावलीत बसावे. आवाराबाहेर गवताच्या काड्यांपासून पाखरे, देवदूत आणि टोपल्या विणणाऱ्या बायका असतात आणि वेळ कसा गेला हे समजत नाही.

आणखी अर्धा दिवस असेल तर दक्षिणेला सांता क्लारा देल कोब्रे या तांबटांच्या गावी जावे. पुण्याच्या तांबट आळीचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना तिथे पाऊल टाकताच ओळख पटेल. इथली पद्धत मात्र सामूहिक आहे. भंगारातले तांबे वितळवून केलेला जाड गोळा भट्टीतून लालभडक बाहेर येतो, एक जण तो लांब सांडशीने ऐरणीवर धरून फिरवत राहतो, आणि सभोवती उभे असलेले तिघे-चौघे मोठे घण आळीपाळीने मारतात. घणांचा क्रम इतका नेमका असतो की एकाचा घण उचलेपर्यंत दुसऱ्याचा पडलेला असतो. धातू काळा पडला की पुन्हा भट्टीत. फुलदाणी पूर्ण व्हायला हे चक्र असंख्य वेळा फिरते, आणि जोड कुठेही नसतो. तळापासून गळ्यापर्यंत सगळी एकाच तुकड्यातून वर चढवलेली असते. अनेक कार्यशाळांची दारे उघडी असतात आणि पाहायला कोणी पैसे मागत नाही. गावातले तांब्याचे संग्रहालय छोटे आहे, पण नाममात्र शुल्कात जुनी कामे पाहायला मिळतात.

पात्सक्वारोतल्या तिकिटाच्या जागांपैकी एकच सुचवतो : लोककलांचे संग्रहालय, जे १५४० मध्ये किरोगा यांनी स्थापलेल्या सान निकोलास विद्यालयाच्या इमारतीत आहे. आवारात मागे सबंध लाकडाचे, खिळ्यांशिवाय जोडलेले पुरेपेचा घरही आहे. सोमवारी ते बंद असते.

ऑक्टोबरअखेर ते २ नोव्हेंबर हा मृतांच्या रात्रीचा उत्सवकाळ आहे. त्या दिवसांत गाव झेंडूने भरून जाते. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा याच देशातला आहे. परंतु कमी खर्चात जायचे असेल तर हे दिवस टाळा, कारण हॉटेलांचे दर कितीतरी पटींनी वाढतात आणि खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात. जून ते सप्टेंबर पावसाळा असतो, तरी पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, सकाळ मोकळी मिळते, डोंगर हिरवे असतात आणि दरही उतरलेले असतात. रात्री कोणत्याही महिन्यात स्वेटर लागतो.

सुरक्षिततेचा विषय टाळून हे उत्तर पूर्ण होणार नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मिचोआकान राज्याला अनेक वर्षे सर्वांत कडक, म्हणजे 'प्रवास करू नये' या श्रेणीत ठेवले आहे, आणि राज्याच्या काही भागांत हिंसाचार खराच आहे. पात्सक्वारोत देशी पर्यटक बारमाही येत असतात. तरीही निघण्यापूर्वी ताजी सूचना वाचावी, प्रवासविमा अशा श्रेणीच्या राज्यात लागू होतो का हे विमा कंपनीला लेखी विचारावे, आणि घरच्या सर्वांच्या संमतीनेच ठरवावे. जायचे ठरले तर मोरेलियाहून दिवसाउजेडी बसने यावे; अंतर सुमारे ६० किलोमीटर, वेळ तासाभराचा. मेक्सिको शहरातून यायचे असल्यास पश्चिमेकडच्या स्थानकावरून थेट बस मिळते. संध्याकाळनंतर गावांदरम्यान प्रवास करू नये आणि खेड्यांतून परतीची कोम्बी चारच्या आत पकडावी. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पारपत्रधारकांना मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही, पण आईंचा अमेरिकेचा व्हिसा परतीच्या तारखेपर्यंत चालू आहे ना, हे तपासून घ्यावे.

तीन दिवस कोणते निवडावेत, तर गुरुवारी दुपारी पोहोचावे आणि त्या दिवशी फक्त चौक व बासिलिका पाहावी. शुक्रवारी सकाळी दोन्ही बाजार, मग वाचनालय, आणि दुपारी अकरा चौकांचा वाडा. शनिवारी सकाळी त्सिन्त्सुन्त्सान आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांचा नाच. रविवारी पहाटे उठून एस्त्रिबो, आणि दुपारच्या आत मोरेलियाची बस. सांता क्लारा यात बसत नाही. तांब्याचे काम पाहायचे असेल तर शुक्रवारची दुपार त्याला द्यावी आणि वाडा गुरुवारी संध्याकाळी, दुकाने मिटण्यापूर्वी, उरकावा. रोख पेसो सुट्ट्या नोटांत जवळ ठेवावेत, कारण बाजारात, कोम्बीत आणि कारागिरांकडे कार्ड चालत नाही.